कमान

खंडेराव मार्केटच्या मागं इद्रीसभाईंचं दुकान,
म्हणजे एक लिंब, एक पंप
आणि लिंबाला टांगलेल्या ट्यूबा.
बॅटरीची सायकल पुढ्यात उभी केली तेव्हा
त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.
"कुंदाबेन, हवे शुं बाकी छे?
कंपनीनं सगळं दिलंय की."

कंपनीनं दिलं होतं ते चकचकीत होतं.
घंटी, नव्या सुनेसारखी हळू बोलणारी.
दिवा, जेमतेम स्वतःपुरता.

मी यादी काढली.
औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेली,
दवाखान्यातल्याच अक्षरात,
त्यामुळं वाचून मलाच दाखवावी लागली.

आरसा, उजवीकडं.
बेड चारनं वळताना मागं बघायला मान वळवली होती,
तेवढंच.
आता ती वळत नाही.

मागचा लाल दिवा. लुकलुकणारा नको, स्थिर.
लालबागच्या पुलाच्या उतरणीवर
"दिसलाच नाही सिस्टर, आईच्यान," म्हणत
जो रिक्षावाला रडत होता
तो खोटं बोलत नव्हता.

साडीगार्ड.
"तुम्ही तर ड्रेस घालता," इद्रीसभाई म्हणाले.
ओढणीचं मी काही सांगणार नाही.

डबा पुढं नको, हँडल जड होतं.
मागं रॅक, दोन्ही अंगांना पिशव्या,
एकीत डबा आणि चप्पल, दुसरीत चार्जर,
वजन सारखं, तराजूत तोलल्यासारखं.
बॅटरीला रेक्झिनचा अंगरखा, कुलूप वेगळं,
कारण तीच महाग,
आणि तीन जिने रोज मीच तिला कडेवर घेऊन चढते.

इद्रीसभाई हसायला लागले.
"बेन, आ सायकल छे के वरघोडो?
आणि विश्वामित्रीतल्या मगरीसाठी काय लावू?"
मीही हसले.
वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली,
मगरीनं धरलेला एकच आला होता.
बाकी सगळे रस्त्यानं धरलेले.

आफताब इतका वेळ खाली बसून
ब्रेकचा नट आवळत होता.
इद्रीसभाईंचा पुतण्या.
मेमध्येसुद्धा मफलर सोडत नाही.
बोलतो, पण ऐकायला जवळ वाकावं लागतं.
ज्या जानेवारीत त्याला आणला
त्या दुपारी ड्युटी माझी होती.
ती गोष्ट आम्ही तिघंही कधी काढत नाही.

तो उठला, आत गेला,
एक सळई घेऊन आला.
गुडघ्यावर ठेवून वाकवली,
हळूहळू, मापाचा अंदाज घेत,
मग मला सीटवर बसायला खुणावलं
आणि माझ्या कपाळाच्या वर
वीतभर हवा सोडून
एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत
कमान बसवली.

यादीत ती नव्हती.
मीच विसरले होते.
मी.

पैसे विचारले तर त्यानं फडक्यानं हात पुसले
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

वासी उत्तरायण, सकाळची ड्युटी.
मांजलपूरपासून प्रत्येक गच्चीवर भोंगे,
"काप्यो छे!" आणि मग हशा,
तिळाची चिक्की, ऊस, उंधियूचा वास,
आणि वर इतके पतंग
की आभाळ कुणी टाके घालून शिवलंय असं वाटावं.
मी मोटर दोन नंबरवर ठेवून चालले होते.
काही ऐकू आलं नाही.
काही जाणवलं नाही.

स्टँडवर कुलूप लावताना दिसलं.
कमानीच्या काळ्या रंगावर
डाव्या बाजूनं वरपर्यंत चढत गेलेली
एक गुलाबी रेघ,
बोट लावलं तर काचेची पूड.

पुसली नाही.
चार्जर वॉचमनच्या प्लगला लावला आणि आत गेले.
सकाळपासून तीन आले होते.
तिघंही वाचणारे.

त्यांच्या माणसांना चिठ्ठ्या दिल्या.
पुढच्या बाजूला औषधं.
मागच्या बाजूला, सुवाच्य अक्षरात,
लिंबाखालचा पत्ता.